हरणारी केस परत करणाऱ्या ज्युनियर वकिलांना खुलं पत्र

माझ्या ज्युनियर मित्रमैत्रिणींनो,

हे खरं तर त्या दिवशी बार रूममध्येच बोलायचं होतं, पण तेवढ्यात माझ्या मॅटरचा पुकारा झाला आणि मी गाउन सावरत पळाले, परत आले तोवर तुम्ही सगळे जेवायला गेला होतात. म्हणून आता लिहितेय. नाव कुणाचंच घेणार नाही, आणि हे काही फक्त केस परत करणाऱ्या त्या दोघांसाठी नाहीये, सनद मिळून दोन-चार वर्षं झालेल्या सगळ्यांसाठी आहे, आपल्या कोर्टातल्या आणि बाहेरच्याही.

त्या मावशी आठवतात ना. साठीच्या, नऊवारीतल्या, हातात साड्यांच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी आणि त्यात चार कागद घड्या घालून ठेवलेले. मुलगा बांधकामावर पाचव्या मजल्यावरून पडून गेला आणि कॉन्ट्रॅक्टरनं पोलिसांना जबाब दिला की तो प्यालेला होता. तुम्ही कायदा बरोबर सांगितलात, त्याबद्दल तक्रारच नाही, नुकसानभरपाईच्या कायद्यात कामगाराचा मृत्यू झाला असेल तर दारूचा बचाव मालकाला चालत नाही, म्हणजे पैसे मिळायला तो मुद्दा आडवा येत नाही, मग त्यावर भांडायचं कशाला. पण मावशी काय म्हणाल्या ते मी खिडकीपाशी बसून ऐकलं. "पैशाचं तुम्ही बघा, पण माझा पोरगा पीत नव्हता, तेवढं खोडा." आणि तुम्ही कागद परत पिशवीत घालून दिलेत. साक्षीदार दोनच, दोघंही त्याच कॉन्ट्रॅक्टरकडे कामाला, ते फिरणार नाहीत, हे हरणारच. आणि त्या पायऱ्या उतरल्यावर तुमच्यातलं कुणीतरी म्हणालं की असल्या केसनं रेकॉर्ड खराब होतं.

रेकॉर्ड. हा शब्द मला आठवडाभर सोडत नाहीये. हल्ली रील्सवर वकील मंडळी किती केसेस जिंकल्या ते आकड्यात सांगतात, जाहिरातीला बार काउन्सिलची मनाई आहे तो वेगळा विषय, पण ते बघून तुम्हाला वाटायला लागलंय की वकिलाचं नाव म्हणजे त्यानं जिंकलेल्या दाव्यांची बेरीज. शिवाय तुमच्यातले चार-पाच जण उघड सांगतात की पाच-सात वर्षं वकिली, मग नगरपालिकेचं तिकीट, मग पुढे बघू. त्यात वाईट काही नाही, आपल्याकडे वकील राजकारणात जाणं नवीन नाही, चांगले वकील तिथं गेले तर मला आनंदच आहे. म्हणूनच तुम्हाला एका वकीलबाईंबद्दल सांगायचंय, ज्या राजकारणात गेल्या, न्यायमंत्री झाल्या, विधिमंडळाच्या अध्यक्ष झाल्या, आणि ज्यांचं नाव आजही लोक घेतात ते एका हरलेल्या दाव्यामुळे. दाग्मार बुरेशोवा, प्राग, तेव्हाचा चेकोस्लोव्हाकिया. त्यांच्या त्या खटल्यावर काही वर्षांपूर्वी एक मालिका आली होती, ती बघून मी त्यांच्याबद्दल वाचायला लागले आणि मग वाचतच गेले.

जन्म १९२९ चा, प्रागचाच. १९५२ मध्ये कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडल्या तेव्हा त्यांच्या देशात कम्युनिस्ट राजवट येऊन चार वर्षं झाली होती आणि खाजगी वकिली हा प्रकारच संपला होता. म्हणजे आपण बोर्ड लावतो, टेबल टाकतो, पक्षकार येईल याची वाट बघतो, ते काहीच नाही. सगळे वकील सामूहिक सल्ला कार्यालयात बसायचे आणि फीसुद्धा सरकारी दरानं ठरलेली. अशा ठिकाणी वकील काय करू शकतो असं तुम्हाला वाटेल, मलाही वाटलं होतं. तर बरंच करू शकतो. १९६८ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरल्यावर पुढच्या दोन-तीन वर्षांत हजारो लोकांना राजकीय कारणांनी नोकरीवरून काढलं, त्यातल्या कितीतरी जणांचे दावे या बाईंनी लढवले. लेखक, पत्रकार, आणि कुणाला माहीतही नसलेली साधी माणसं. नोकरीवरून काढल्याचा दावा म्हणजे काय ते आपल्या लेबर कोर्टात बसणाऱ्यांना सांगायला नको. कंटाळवाणं काम, नोटिशीची तारीख, सही कुणाची, चौकशी झाली का, झाली तर त्याला बोलू दिलं का. बाई हेच करायच्या, कायद्यात जेवढं लिहिलंय तेवढं तरी पाळा म्हणून मागे लागायच्या.

आता तो दावा.

१६ जानेवारी १९६९ ला दुपारी प्रागच्या वेन्सेस्लास चौकात, वर नॅशनल म्युझियमच्या बाजूला, यान पालाख नावाच्या २० वर्षांच्या विद्यार्थ्यानं अंगावर पेट्रोल ओतून स्वतःला पेटवून घेतलं. देश रणगाड्यांची सवय करून घेत चाललाय, लोक गप्प बसायला शिकतायत, हे त्याला सहन होत नव्हतं. त्यानं पत्र लिहून ठेवलं होतं, सेन्सॉरशिप उठवा आणि रशियन सैन्याचं प्रचारपत्रक वाटणं बंद करा या मागण्या होत्या, खाली सही केली होती मशाल क्रमांक एक अशी. तीन दिवस हॉस्पिटलमध्ये जिवंत होता, १९ तारखेला गेला. २५ तारखेच्या अंत्ययात्रेला प्रागचे रस्ते माणसांनी भरून गेले. (हे लिहिताना मला थांबावं लागतं. असं कुणी करू नये, कुणाच्याही मुलानं करू नये, त्याचं कौतुक म्हणून मी हे लिहीत नाहीये. मला त्याच्या आईबद्दल आणि आईच्या वकिलाबद्दल बोलायचंय.)

महिना उलटला. २० फेब्रुवारीला चेस्का लिपा नावाच्या गावात एका सभेत विलेम नोवी उभे राहिले. हे संसदेचे सदस्य, कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीवरचे, वजनदार माणूस. त्यांनी सांगितलं की या पोराला फसवलं गेलं, त्याला सांगितलं होतं की तू जे अंगावर ओतणार आहेस ते 'थंड आग' लावतं, नुसत्या ज्वाळा दिसतात, अंग भाजत नाही, आणि ऐनवेळी पेट्रोल दिलं. आणि हे कुणी केलं तर त्यांनी नावंच घेतली: लुदेक पाखमन, बुद्धिबळाचे ग्रँडमास्टर. एमिल झाटोपेक, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन तिन्ही जिंकणारा तोच. पावेल कोहौट आणि व्लादिमीर श्कुटिना हे लेखक. आणि लुबोमीर होलेचेक हा विद्यार्थी नेता.

जरा नीट बघा की या एका भाषणानं काय काय केलं. पाच माणसांवर खुनाचा आरोप केला, तो तर झालाच. पण जो गेला त्याच्याकडून त्याचं मरणही काढून घेतलं. तो विचार करून, पत्र लिहून, सही करून गेला होता. आता तो एक भोळा, कुणाच्या तरी नादाला लागलेला, जादूच्या प्रयोगात चुकून जळालेला पोरगा झाला. माझा पोरगा पीत नव्हता, तेवढं खोडा. मला त्या दिवशी खिडकीपाशी बसल्या बसल्या हेच आठवलं.

पालाखचे वडील आधीच वारले होते. आई लिबुशे पालाखोवा, व्शेताती या छोट्या गावात राहणारी. ती कोर्टात गेली. नोवींनी नावं घेतलेली मंडळीही गेली. बुरेशोवाबाईंनी आईचं वकीलपत्र घेतलं, होलेचेकचंही घेतलं. दिवाणी दावा होता, अब्रूच्या रक्षणाचा, मागणी माफीची. म्हणजे पैशासाठी कुणीच आलं नव्हतं, तुम्ही खोटं बोललात एवढं म्हणा, बस.

आता वकील म्हणून इथं लक्ष द्या. दावा लावायचं ठरलं तेव्हा परिस्थिती इतकी वाईट नव्हती. दुबचेक अजून पक्षाचे प्रमुख होते, वर्तमानपत्रं थोडीफार बोलत होती, कोर्टात न्याय मिळेल असं वाटायला जागा होती. पण १७ एप्रिल १९६९ ला दुबचेक गेले आणि गुस्ताव हुसाक आले, आणि मग एकेक दार बंद होत गेलं. ऑगस्टमध्ये पाखमनला अटक झाली. पक्षातून, विद्यापीठांतून, वर्तमानपत्रांतून माणसं काढायला सुरुवात झाली. आईला निनावी पत्रं आणि धमक्या येत होत्या. झाटोपेकनं माघार घेतली आणि नोवींची माफी मागितली, त्याला मी दोष देणार नाही, त्या माणसावर काय दबाव असेल ते त्यालाच माहीत. सुनावणीपर्यंत १९७० उजाडलं होतं आणि तोवर निकाल काय लागणार हे कोर्टाच्या शिपायालासुद्धा सांगता आलं असतं.

या सगळ्या काळात बाईंना वकीलपत्र मागे घ्यायला कितीतरी वेळा जागा होती. आपण किती सहज करतो ते, पक्षकार सहकार्य करत नाही, सूचना मिळत नाहीत, एक छोटी पुरसिस, म्हणजे कोर्टाला दिलेली चार ओळींची लेखी चिठ्ठी, आणि संपलं, कुणी विचारत नाही. त्यांच्यावर दोन लहान मुलींची जबाबदारी होती, नवरा डॉक्टर, म्हणजे गमावण्यासारखं घरात पुष्कळ होतं. त्यांनी पुरसिस दिली नाही. त्या कोर्टात उभ्या राहिल्या आणि राजकारणावर भाषण न करता नेहमीच्या दिवाणी दाव्यासारखा दावा चालवला, हे वाक्य बोललं गेलं, ते खोटं आहे, त्यानं माझ्या पक्षकाराची अब्रू गेली, कायद्यात याला उपाय सांगितलाय, तो द्या. मला हे फार मोठं वाटतं. राजकीय खटला साध्या खटल्यासारखा चालवायचा म्हणजे समोरच्याला ठरवायला भाग पाडायचं की तुम्ही कायदा वापरणार आहात की नाही.

दावा फेटाळला. नोवी हे राजकीय व्यक्ती आहेत आणि त्यांना राजकीय मत मांडायचा हक्क आहे, असा निकालाचा सूर. न्यायाधीशपदावरही एक बाईच होत्या. आणि जाता जाता सांगते, हे नोवी स्वतः १९४९ मध्ये खोट्या आरोपांखाली आपल्याच पक्षाच्या राजवटीत पकडले गेले होते, तुरुंगात राहिले होते. खोटा आरोप माणसाचं काय करतो हे त्या सभागृहात त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसावं, आणि तरीही. याचा अर्थ मला आजवर लागलेला नाही.

पुढं काय झालं तेही ऐका कारण हरण्याचा अर्थ तिथं कळतो. ऑक्टोबर १९७३ मध्ये रात्रीच्या वेळी ओल्शानी स्मशानभूमीतली पालाखची कबर उकरली, लोक तिथं फुलं ठेवायचे ते राज्यकर्त्यांना नको होतं. अवशेष जाळले, अस्थी आईकडे पाठवल्या, आणि त्या जागी दुसऱ्याच एका वृद्ध स्त्रीला पुरलं. लिबुशेबाई १९८० मध्ये गेल्या. मुलाच्या नावावरचं ते वाक्य खोडलं गेलेलं त्यांना बघायला मिळालं नाही. हे मी मुद्दाम सांगतेय, उगाच गोड करून सांगायचं नाहीये. त्यांच्या वकिलाला त्यांना न्याय मिळवून देता आला नाही.

मग बाईंनी केलं ते व्यर्थ गेलं का, असं तुम्ही विचाराल. मी उत्तर देण्याऐवजी नोव्हेंबर १९८९ मध्ये जाते. प्रागमध्ये विद्यार्थी रस्त्यावर आले, राजवट कोसळली, आणि डिसेंबरमध्ये चेक सरकारची नव्यानं मांडणी करायची वेळ आली. न्यायमंत्री कुणाला करायचं? कायद्याचं ज्ञान असलेले प्रोफेसर होते, वरिष्ठ न्यायाधीश होते, वीस वर्षं जिंकत आलेले सरकारी वकील होते. न्यायमंत्री झाल्या त्या ६० वर्षांच्या दाग्मार बुरेशोवा. लोकांना त्यांची ओळख करून द्यायची गरजच नव्हती. पालाखच्या आईच्या वकील, एवढं पुरेसं होतं. जी केस रेकॉर्ड खराब करेल असं कुणाही शहाण्या माणसानं १९६९ मध्ये त्यांना सांगितलं असतं, तीच वीस वर्षांनी त्यांचं रेकॉर्ड ठरली.

जेमतेम सहा-सात महिने त्या मंत्री होत्या, जून १९९० पर्यंत. पण ते महिने काय होते बघा. १ जानेवारीला राष्ट्राध्यक्ष हावेल यांनी माफी जाहीर केली आणि देशभरातल्या तुरुंगांतून २३ हजारांच्या आसपास माणसं बाहेर आली, तुरुंग निम्म्याहून जास्त रिकामे झाले, आणि त्यांच्या राहण्या-खाण्याची, कामाची सोय नव्हती. एप्रिलमध्ये संघीय संसदेनं १९४८ ते १९८९ मधल्या राजकीय शिक्षा रद्द करणारा कायदा केला, आणि हे सगळं काम ज्या कोर्टांनी करायचं तिथं बसलेली माणसं बरीचशी जुनीच. त्याच एप्रिलमध्ये चेक नॅशनल कौन्सिलनं, म्हणजे चेक भागाच्या विधिमंडळानं, वकिलीचा नवा कायदा केला आणि १ जुलै १९९० पासून वकील पुन्हा स्वतंत्र झाले, स्वतःचं ऑफिस, स्वतःचा पक्षकार, स्वतःची बार. चाळीस वर्षं सामूहिक कार्यालयात काढलेल्या वकिलांना आपल्या नावाची पाटी लावता आली. मला या एका गोष्टीचं फार अप्रूप वाटतं, कारण आपण आपली पाटी गृहीत धरतो. आणि त्याच वर्षी पालाखच्या अस्थी ओल्शानीला परत आल्या.

जून १९९० च्या निवडणुकीत त्या सिव्हिक फोरम या जुन्या राजवटीविरुद्ध उभ्या राहिलेल्या आघाडीकडून निवडून आल्या आणि २०० सदस्यांच्या चेक नॅशनल कौन्सिलच्या अध्यक्ष झाल्या. तुम्हाला वाटेल आता तरी जिंकण्याचे दिवस आले. नाही आले. चेक आणि स्लोव्हाक एकत्र राहणार की वेगळे होणार यावर दोन वर्षं वाटाघाटी चालल्या, आणि बाई एकत्र राहण्याच्या बाजूच्या. फेब्रुवारी १९९२ मध्ये मिलोवी नावाच्या खेड्यात दोन्हीकडचे लोक बसले आणि कराराचा मसुदा तयार झालासुद्धा. मग तो स्लोव्हाक कौन्सिलच्या अध्यक्षमंडळापुढे गेला. १० बाजूनं, १० विरोधात. मंजुरीला एक मत कमी पडलं. एक मत! वर्ष संपता संपता चेकोस्लोव्हाकिया हा देशच उरला नाही. त्याआधी जूनमधल्या निवडणुकीत बाईंचा पक्ष, फोरम फुटून निघालेली सिव्हिक मूव्हमेंट, जागा मिळायला लागणाऱ्या पाच टक्के मतांच्या अटीच्या जरा खाली राहिला आणि एकही जागा मिळाली नाही. राजकारण तिथं संपलं. वय ६२.

आता याला कुणी अयशस्वी करिअर म्हणेल तर आकड्यांनी ते बरोबर आहे. मोठा दावा हरल्या, मोठी वाटाघाट हरल्या, निवडणूक हरल्या. पक्ष बदलून टिकून राहणारे तेव्हा तिथंही होतेच. पण २०१८ च्या जूनमध्ये ८८ व्या वर्षी त्या गेल्या तेव्हाही त्यांची ओळख होती यान पालाखच्या आईची वकील.

मी तुम्हाला सगळ्या हरणाऱ्या केस घ्या असं सांगत नाहीये. खोटी केस परत करा, पक्षकार फक्त सूड घ्यायला आला असेल तर परत करा, फी परवडत नसेल तर तेही समजू शकते, तुमचीही घरं चालायचीत, दोन वर्षं ज्युनियरशिपमध्ये काय मिळतं ते मला ठाऊक आहे. माझ्या सीनियरनी मला पहिल्या वर्षी सांगितलं होतं की वकिलानं पडणाऱ्या घराखाली उभं राहू नये, आणि मी ते बरीच वर्षं पाळलं. परत केलेली एक फाईल मला आजही आठवते, त्या माणसाचा चेहरा नाही आठवत, फाईलवरचा चहाचा डाग आठवतो. पण केस खरी आहे, माणूस खरं बोलतोय हे तुम्हाला दिसतंय आणि फक्त निकाल विरोधात जाईल म्हणून तुम्ही कागद परत देताय, तर तुम्ही न्यायाधीशाच्या आधीच निकाल दिलात ना. निदान दाव्यात लिहिलेलं तर राहतं. कुणीतरी शपथेवर सांगितलं होतं की हे खोटं आहे, तारीख, सही, शिक्का. बुरेशोवाबाईंचा दावा फेटाळला गेला पण पन्नास वर्षांनी कुणी ते प्रकरण उघडतं तेव्हा त्यात नोवींच्या भाषणाशेजारी आईचं म्हणणंही असतं. ते बाईंनी ठेवलं म्हणून असतं.

आणि ज्यांना राजकारणात जायचंय त्यांना वेगळं सांगते. मतं मागायला दारात उभे राहाल तेव्हा तुमचे जिंकलेले चेक बाउन्सचे खटले कुणी विचारणार नाही. त्या मावशींच्या वस्तीत तीनशे घरं आहेत आणि पिशवी घेऊन परत आलेली बाई तीनशे घरांनी बघितली.

असो. मी मावशींचा पत्ता कॅन्टीनवाल्याकडून काढला, रविवारी जाऊन आले, कागद घेऊन आलेय. संध्याकाळी नीट वाचले आणि तुम्हालाही दाखवायचंय असं एक सापडलं. पोस्टमॉर्टेममध्ये व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले आतल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवल्याची नोंद आहे, केमिकल ॲनालायझरकडे पाठवल्याचं पत्रही आहे, पण सी.ए. रिपोर्ट कागदांत नाही. तो आला की नाही, आला तर त्यात अल्कोहोल निघालं की नाही, हे आपल्यापैकी कुणीच विचारलं नव्हतं, साक्षीदार फिरणार नाहीत एवढ्यावरच आपण थांबलो होतो. कदाचित रिपोर्ट विरोधातही असेल, मला माहीत नाही. पण मावशी ज्या पद्धतीनं बोलतात, डबा भरताना त्याच्या तोंडाचा वास रोज यायचा की नाही ते मला कळलं असतं की बाई, म्हणाल्या.

भरपाईचा अर्ज वेगळा करू, आणि त्या जबाबाविरुद्ध वेगळं उभं राहू, मेलेल्या माणसाच्या अब्रूलाही आपल्या कायद्यात जागा आहे, कलम मी काढून ठेवलंय. वकीलपत्रावर मावशींचा अंगठा घेतलाय, माझी सही केलीय, खाली अजून दोन नावांची जागा रिकामी ठेवलीय. सोमवारी सकाळी साडेदहाला पोलीस स्टेशनला सी.ए. रिपोर्टच्या नकलेचा अर्ज द्यायला जायचंय. मी गेटपाशी थांबेन. येताना दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प घेऊन या, माझ्याकडचे संपलेत.

तुमची,
खिडकीपाशी बसणारी मॅडम